चष्मेवालीच्या गच्चीवरचे टोमॅटो

माझ्या थोरल्या भावाला वाढलेलं काहीही बघवत नाही. रस्त्यात कुणाच्या मानेवरचे दोन केस कॉलरबाहेर आलेले दिसले, की त्याचे हात शिवशिवतात आणि तो त्या माणसामागे अर्धी गल्ली चालत जातो. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थाच्या कानातले केस बघून त्याने खिशातली छोटी कात्री बाहेर काढली होती. रखवालदाराने मनगट धरलं, तर हा शांतपणे म्हणतो, ‘अहो, मी फुकटच कापणार होतो.’

असा हा माझा दादा. कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. गल्लीत सगळे त्याला ‘कात्री’ म्हणतात आणि तोही त्या हाकेला ओ देतो. वय बावन्न. लग्न का केलं नाहीस विचारलं तर म्हणायचा, ‘वेळ कुठे मिळतो? लोकांचे केस वाढतच असतात.’ सलूनच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा राहतो, आणि आमच्या मागच्या खोलीत दादा. मी पडदे शिवते. त्या मागच्या खोलीत दिवसभर असा सुंदर उजेड येतो की शिलाई मशीनसाठी त्याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही, आणि तिथे इतकी वर्षं दादा घोरतोय. तेव्हा दादाचं लग्न व्हावं असं मला वाटायचं, त्यात प्रेम किती आणि मशीन किती, हे मला विचारू नका.

सलूनच्या बरोब्बर समोर चष्म्यांचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाई एकट्याच राहतात, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दूर गेली. बोलणं मोजकं, पण समोरच्याकडे चष्म्यावरून अशा बघतात की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. दादाने एका गिऱ्हाइकाच्या मिशीचं डावं टोक उजव्यापेक्षा बरंच वर नेऊन ठेवलं, तेव्हा मीच त्याला डोळे तपासायला तिकडे पिटाळलं. गेला तो कटकट करत, आला तो गाणं गुणगुणत. मग रोज काहीतरी निघायला लागलं. आज काडी सैल झाली, उद्या नाकावरचं पॅड टोचतंय, परवा काचेवर ओरखडा आहे असं वाटतंय. त्या काड्या इतक्या वेळा घट्ट झाल्या की दादाच्या कानांमागे खाचा पडल्या.

एका दुपारी त्याने विचारून टाकलं. तेही कुठे, तर तपासणीच्या खुर्चीत, डोळ्यांवर ती जड लोखंडी फ्रेम चढवलेली असताना.

‘शेवटची ओळ वाचा,’ बाई म्हणाल्या.

‘ती राहू द्या. माझ्याशी लग्न कराल का?’

बाईंनी एक काच काढली, दुसरी घातली. ‘आता मी नीट दिसते का?’

‘हो. एकदम स्वच्छ.’

‘मग आता पुन्हा विचारा.’

दादाने पुन्हा विचारलं. बाईंनी फ्रेम उतरवली, पुसली, डबीत ठेवली आणि म्हणाल्या, ‘माझ्या गच्चीवर टोमॅटोच्या चार कुंड्या आहेत. दर उन्हाळ्यात मी लावते आणि दर उन्हाळ्यात ती झाडं मान टाकतात. ह्या वेळी तुम्ही सांभाळा. रोज सकाळ-संध्याकाळ जिना चढून येणारा माणूस कसा आहे, ते मला कळेल. पहिला टोमॅटो लाल झाला आणि मी खाल्ला, की उत्तर देईन.’

‘आणि नाहीच झाला तर?’

‘तर आपण चांगले शेजारी आहोतच. आणि हो, एकटे येऊ नका. घरातलं कुणीतरी बरोबर आणा.’

आता घरातलं कुणीतरी म्हणजे कोण? आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं ते खाली घेतलंच नाही. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या भावाची पाठराखीण म्हणून बादली घेऊन मी.

पहिल्याच दिवशी दादाला दम निघेना. दुपारच्या कडक उन्हातच तो गच्चीवर पोचला, आणि झाडं बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चारही झाडांची पानं लोंबत होती. ‘गेली! तहानेने गेली!’ असं ओरडत त्याने चार बादल्या ओतल्या. संध्याकाळी परत गेलो तर झाडं ताठ उभी. दादाची छाती फुगली. दुसऱ्या दुपारी पुन्हा पानं लोंबली, पुन्हा चार बादल्या. असं चार-पाच दिवस चाललं. मग खालची पानं पिवळी पडायला लागली आणि कुंडीतून कुबट वास यायला लागला.

‘पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघितलंत का?’ बाईंनी विचारलं.

दादाने बोट घातलं. अर्ध्या बोटापर्यंत नुसता चिखल. दुपारी झाड पानं सोडून बसतं ते ऊन टाळायला, आपण पंख्याखाली हातपाय पसरून पडतो ना, तसं. सकाळीही पानं खाली असतील तर ती तहान. हे आम्हाला कळेपर्यंत त्या झाडांना आम्ही जवळजवळ बुडवलं होतं. त्या दिवसापासून दादा सकाळी आधी बोट घालायचा, दोन पेरांपर्यंत, आणि कोरडं लागलं तरच खालून निथळेपर्यंत पाणी. दिवसभर सलूनमध्ये त्याच्या त्या बोटाच्या नखात माती असायची. एका गिऱ्हाइकाने त्यावरून दाढी अर्धी टाकून उठून जायची धमकी दिली. ‘जा,’ दादा म्हणाला. अर्ध्या दाढीने जाणार कुठे? बसला.

मग दादाला कळलं की कुंड्यांनाच चटका बसतोय. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या. एक उचलायला गेला आणि ‘आई गं’ करून सोडली. आतली मुळं शिजत असणार, हे माझ्यासारखीलाही कळलं. दादा सलूनमधून गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची पांढरी कापडं घेऊन आला आणि चारही कुंड्यांना गुंडाळली. दोन कापडं दोरीवर टाकून दुपारची सावली केली. लांबून बघितलं तर चार गिऱ्हाइकं दाढीसाठी रांगेत बसलीत असं वाटायचं. खाली सलूनमध्ये मात्र लोक शर्टावर केस पाडून घेत होते आणि मी माझ्या पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांना फुलाफुलांची नवी कापडं शिवून देत होते. सगळी गल्ली फुलाफुलांत दाढी करत होती.

माती लवकर सुकू नये म्हणून वर काहीतरी पसरावं लागतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. दादाकडे पसरण्याजोगं एकच होतं.

‘माझ्या कुंडीत हे केस कुणाचे आहेत?’ बाईंनी विचारलं.

‘ह्यात बँकेच्या मॅनेजरचे. त्यात पोस्टमनचे. मिसळलेले नाहीत.’

बाई खाली निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. केसांचा नुसता जाजमासारखा घट्ट थर झाला होता, पाणी त्यावरून सरळ ओघळून बाहेर. थोड्या वेळाने बाई परत आल्या त्या हातात खोकं घेऊन. नव्या काचा येतात त्या खोक्यांत भरलेला कागदाचा चुरा. मॅनेजरला काढून तो चुरा भरला, आणि जिना उतरताना मला स्पष्ट ऐकू आलं, बाई आपल्या स्वयंपाकघरात एकट्याच खो खो हसत होत्या. दादाला मी हे सांगितलं. तो दिवसभर जिथे जाईल तिथे भिंतीला धडकत होता.

पुढे पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसायला लागले. दादाच्या नव्या चष्म्यालाही कारण दिसेना. बाईंनी दुकानातलं भिंग आणलं, पान उलटं केलं आणि दादाला म्हणाल्या, ‘बघा.’ पानाखाली केसाहून बारीक जाळं आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढेही नसलेले किडे फिरत होते. एकाच भिंगातून दोघं बघत होते, डोक्याला डोकं लावून, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मी बादलीकडे बघत उभी राहिले. केस ओले करायची फवाऱ्याची बाटली दादाने त्या दिवसापासून गच्चीवरच ठेवली, आणि सकाळी सकाळी प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा. किडे कमी झाले. फुलं आली.

आणि गळली. आली की गळली, आली की गळली. रात्रीसुद्धा भट्टीसारखं गरम असलं की फुलं फळ धरत नाहीत, सकाळच्या जरा गारव्यात त्यांना हलवून बघा, असं भाजीवालीने सांगितलं. दादा हलवणार कशाने? ट्रिमरने! ब्लेड काढून ठेवलं, चालू केला, आणि फुलाच्या मागच्या देठाला हलकेच टेकवला. गुर्रर्र. पिवळी धूळ उडाली. रोज सकाळी आमच्या गल्लीतले लोक मान वर करून बघायचे, कात्री गच्चीवर झाडांची हजामत करतोय. आणि खरंच, एके दिवशी देठाशी वाटाण्याएवढी हिरवी गोळी दिसली. मग दुसरी. मग पाच-सहा. दादाने त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याची चंपी फुकट केली. तीही इतक्या जोशात, की एकाची मान लचकली.

इथे खरं म्हणजे आम्ही गप्प बसायला हवं होतं. पण झाडं आता फोफावली होती. फांद्या इकडे, पानं तिकडे, सगळा जंगलीपणा. दादा समोर उभा राहिला की त्याची बोटं खिशाकडे जायची. मी डोळे वटारायची. बाई मुलीकडे दोन दिवस राहायला गेल्या, आणि मला एका मोठ्या घरचे पडदे लावायला जावं लागलं. झालं. परत आले तर चारही झाडं बाजूने बारीक, वर मध्यम, मधे छान भांग. ‘कसा दिसतोय समर कट?’ दादा म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही ती छान वाटली. हिरवे टोमॅटो आता नीट दिसत होते.

सगळ्यांना नीट दिसत होते, आणि उन्हालाही. त्यांच्या अंगावर एका बाजूने पांढरट चट्टे आले, कागदासारखे कोरडे. मग ते चट्टे काळपट झाले, आत खोलगट गेले. दादा घाबरला. साबणाचं पाणी मारलं, राख टाकली, कुंड्या ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडे फिरवल्या. चट्टे काही थांबेनात. बाई परत आल्या. त्यांनी झाडांकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि खाली जाऊन दुकान उघडलं. त्या बघण्याने दादाची झोप उडाली. सलूनमध्ये गाणं बंद झालं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. जेवताना तो मला म्हणाला, ‘तिच्या झाडांना माझ्या हाताखाली रोग लागला. आता ती काय उत्तर देणार?’

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये पोस्टमन आला, तो तणतणतच. आधल्या दिवशी त्याने उन्हाळा म्हणून डोक्याचा पूर्ण गोटा करून घेतला होता, आणि तसाच दिवसभर सायकलवर फिरला होता.

‘हे काय करून ठेवलंस, कात्री? आग होतेय नुसती!’ त्याने टोपी काढली.

डोक्यावर एका बाजूला, उन्हाकडच्या बाजूला, मोठा चट्टा. कातडी कागदासारखी सुटलेली. दादा बघतच राहिला. मग त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाचा साबण तसाच ठेवला, पोस्टमनचा हात धरला आणि रस्ता ओलांडून त्याला ओढतच बाईंच्या गच्चीवर नेलं. मी शिवलेली कापडं द्यायला खाली आले होते, तशीच मागे धावले.

‘वाक,’ दादा म्हणाला.

‘कशाला?’

‘वाक म्हणतो ना!’

पोस्टमन वाकला. दादाने त्याचं डोकं टोमॅटोशेजारी धरलं. एकदा डोकं बघितलं, एकदा टोमॅटो. बाईही आवाज ऐकून वर आल्या होत्या. त्यांनी सवयीने भिंग काढलं आणि आधी एक तपासलं, मग दुसरं.

‘एकच आहे,’ त्या म्हणाल्या.

‘एकच आहे,’ दादा म्हणाला. ‘रोगबीग काही नाही. पानं म्हणजे त्यांचे केस होते. तुमच्या टोमॅटोंचं मीच टक्कल केलं. माझं चुकलं.’

‘आणि माझं काय?’ वाकलेला पोस्टमन म्हणाला. बाईंनी त्याला थंड पाण्याचा तांब्या दिला. त्याने निम्मा प्यायला आणि निम्मा डोक्यावर ओतला.

भाजलेली फळं काढून टाकली. चौथ्या कुंडीत, भिंतीच्या बाजूला, दादाच्या कात्रीला सापडलं नव्हतं अशा एका झुपक्यात फक्त एक टोमॅटो धड राहिला होता. आता सगळं त्या एकट्यावर. गच्चीच्या दाराशी मी दादाचे खिसे तपासायला लागले. कात्री, वस्तरा, नखं कापायचं नेलकटर, सगळं माझ्याकडे जमा. झाडं वाढली, सुटली, एकमेकांत गुंतली, वेडीवाकडी झाली. दादा हात पाठीमागे बांधून समोर उभा राहायचा, घाम पुसायचा, पण बोट लावायचा नाही. सवय झाल्यावर तर त्याला ती दाटी आवडायलाच लागली. मला म्हणाला, ‘गंमत आहे गं, कापलं नाही तरी छान दिसतं.’ असं वाक्य ह्या माणसाच्या तोंडून ऐकायला मी जिवंत राहीन असं मला वाटलं नव्हतं.

टोमॅटो मोठा झाला. हिरव्याचा फिका झाला, फिक्याचा पिवळट, मग नारिंगी. आणि तिथेच अडला. आज लाल होईल, उद्या लाल होईल. नाव नाही. भाजीवाली म्हणाली, ‘एवढ्या उन्हात झाडावर लाल रंग चढत नाही. तोडा आणि घरात सावलीत ठेवा, होईल दोन-चार दिवसांत.’

पण दादा आता तोडायला तयार होईना! ‘मी काहीही कापणार नाही,’ तो म्हणाला. ‘कापून एकदा सगळं घालवलंय. तो आपला आपण लाल होऊ दे.’

‘नुसता देठ मोडायचाय,’ बाई म्हणाल्या.

‘देठसुद्धा नाही.’

‘तुमच्या बहिणीने मोडला तर?’

‘तिने हात लावून तर बघावं!’

म्हणजे बघा. ज्याने उभ्या जन्मात समोर आलेलं काही कापल्याशिवाय सोडलं नाही, त्याच्या लग्नाला एक देठ आडवा आला. मी चिडले, विनवण्या केल्या, बोलणं सोडलं. आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, ‘लाल रंग लावा.’ त्यांच्याशीही मी बोलणं सोडलं. रोज सकाळी गच्चीवर आम्ही तिघं त्या नारिंगी टोमॅटोभोवती उभे. दादा त्याच्याकडे आशेने बघायचा आणि बाई दादाकडे. एकदा मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत हसू आहे. एकदा वाटलं, नाही, हा वैताग आहे. बरं, दोन्ही असेल.

मग एके सकाळी आम्ही वर गेलो तर टोमॅटो नव्हता.

दादाने आधी पानं बाजूला करून बघितलं. मग कुंडीमागे. मग गुडघ्यांवर बसून पूर्ण गच्ची. ‘कावळा!’ तो म्हणाला. ‘नाहीतर खार. नाहीतर तो पोस्टमन, डूख धरून होता!’ त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतकं वाईट वाटलं की बादली हातातून सुटली आणि गडगडत जिन्यावरून खाली गेली.

त्या आवाजाने बाई वर आल्या. गाऊनवरच होत्या, अजून तोंडही धुतलं नव्हतं. बोटांना मीठ लागलेलं.

‘मी खाल्ला,’ त्या म्हणाल्या.

दादा गुडघ्यांवरच होता. ‘पण तो लाल झाला नव्हता.’

‘नव्हता.’

‘अहो, पण अट तुमचीच होती!’

‘माझी होती म्हणून मीच मोडली. तुम्ही देठाला हात लावणार नाही, हे ऊन त्याला लाल होऊ देणार नाही. मी काय म्हातारी होईपर्यंत वाट बघत बसू? पहाटे डोळा उघडला तो हाच विचार घेऊन. आले, तोडला, उभ्याउभ्या खाल्ला.’

दादाने विचारलं, ‘कसा होता?’

‘आंबट,’ बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे चष्म्यावरून नाही, सरळ बघत म्हणाल्या, ‘चालेल मला.’

दादाला कळायला वेळ लागला. मी पाठीत धपाटा घातला तेव्हा कळलं. मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना, कारण तो हसत होता, पोट धरून, लहानपणी हसायचा तसा. बाईही हसायला लागल्या आणि त्यांनी त्याला उठवायला हात पुढे केला. मला रडू आलं. सरळ सांगते, आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘हनुवटीला बी चिकटलंय.’